फळ्यावरच्या चोवीस रेघा

पंचवीस डिसेंबरला आमचा वर्ग बंद असतो. गोष्ट उघड आहे, पण ती माझ्या नीट ध्यानात यायला तीन-चार वर्षं जावी लागली. ‘बालवर्गात नाताळ साजरा केला’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो; प्रत्यक्षात तो दिवस वर्गात कधी उगवतच नाही. त्या दिवशी बुटक्या खुर्च्या एकमेकींवर रचलेल्या असतात, मुलं आपापल्या घरी असतात आणि खिडकीवरच्या कागदी चांदण्यांकडे बघायला कोणी नसतं. आमच्या वाट्याला येतात ते त्याआधीचे तीन आठवडे. वाट पाहण्याचे.

हे कळलं नव्हतं तेव्हा मी सगळा नाताळ एका सकाळीत बसवायचे. सुट्टी लागायच्या दिवशी नऊ ते बारा. झाड, गाणी, नाच, टोप्या, भेटवस्तू, फोटो आणि साडेअकराला सांताक्लॉजचं आगमन. सांता म्हणजे एका मुलीचे बाबा. अंगाने बेताचे, म्हणून पोटावर उशी बांधलेली. दाढी कापसाची, गोंदाने गालावर बसवलेली. ते ‘हो हो हो’ करत दारातून आत आले आणि चौदा मुलांपैकी नऊ जणांनी एकदम भोकाड पसरलं. पसरणारच. तीन-साडेतीन वर्षांचं मूल माणूस ओळखतं ते चेहऱ्यावरून, आणि इथे चेहराच कापसात बुडालेला. वर आवाज मोठा आणि कपडे लालभडक. सगळ्यांत जास्त रडली ती त्यांचीच मुलगी. तिने बुटांवरून बाबांना ओळखलं होतं. आपल्या बाबाला या दाढीवाल्याने गिळलं, अशी काहीतरी तिची समजूत झाली असावी. शेवटी तिच्यासाठी दाढी ओढून काढावी लागली. ते पाहून उरलेल्या पाच जणांनी सूर लावला.

दुपारी झाडलोट करताना मावशी म्हणाल्या, “पोरं खूश होती ती परवा, झाडाला गोळे लावताना. आज नुसते फोटो झाले.”

मला राग आला, कारण त्या फोटोंसाठी मी आठवडाभर रात्री जागून टोप्या शिवल्या होत्या. राग गेल्यावर मात्र ते ‘परवा’ डोक्यात राहिलं.

परवा हा शब्दच मोठा गमतीचा. मुलांचा प्रश्न डिसेंबर लागला की रोज येतो: “बाई, आज आहे नाताळ?” नाही. “उद्या?” नाही. “मग परवा?” चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी काल, उद्या, परवा हे सगळे शब्द असतात, पण त्यांच्या जागा ठरलेल्या नसतात. “उद्या आम्ही आजीकडे गेलो होतो” हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. दोष तरी कसा द्यायचा? आपल्या भाषेत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. वाक्याच्या शेवटचं क्रियापद येईपर्यंत कुठला परवा ते मोठ्यांनाही कळत नाही. अशा मुलाला ‘अजून अठरा दिवस’ सांगून काय समजणार? अठरा हा त्याच्या दृष्टीने ‘खूप’च्या शेजारचा आकडा.

हाच प्रश्न जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिश विखेर्न या गृहस्थांना छळत होता. १८३३ साली त्यांनी निराधार मुलांसाठी एक घर सुरू केलं होतं, आणि डिसेंबर आला की तिथली मुलं रोज विचारून त्यांना भंडावून सोडत. १८३९ मध्ये त्यांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं आणि त्याच्यावर वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लाल, रविवारी पांढरी. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता, त्यामुळे हिशोब बरोबर चोवीसवर जुळला. चर्चमध्ये आणि घरांमध्ये आज जे चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं दिसतं ते या चाकाचंच आटोपशीर रूप. नाताळआधीच्या या दिवसांना आगमनकाळ म्हणतात, पण मुलांच्या बाजूने पाहिलं तर तो ‘कधी एकदाचा येतोय’चा काळ. विखेर्न यांचा मला फार हेवा वाटतो. वेळ ही न दिसणारी वस्तू त्यांनी मुलांच्या डोक्यावर टांगून दाखवली.

चोवीस मेणबत्त्या, चौदा मुलं आणि सगळीकडे कागदाच्या झिरमिळ्या हे गणित मात्र मला परवडणारं नव्हतं. मग जर्मन घरांतलीच दुसरी, त्याहून स्वस्त रीत उचलली: दारावर किंवा भिंतीवर खडूने चोवीस रेघा ओढायच्या आणि मुलांनी रोज एक पुसायची. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये गेरहार्ड लांग यांनी याच कल्पनेच्या छापील दिनदर्शिका काढल्या. लहानपणी त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर खाऊचे चोवीस तुकडे लावून दिले होते, ते त्यांना आठवत असे. आता दुकानात खिडकी उघडली की आत चॉकलेट असलेल्या दिनदर्शिका मिळतात. मिळोत. मला खडू बरा. तो कोणाच्या घरून आणावा लागत नाही आणि खाऊन संपत नाही.

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, मी चोवीस रेघा ओढते. पहिल्या वर्षी वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम आहे, हजेरीनंतर उरकेल. पण रेघ पुसणं हा आमच्या वर्गातला दिवसाचा सगळ्यात गंभीर विधी होऊन बसला. डस्टरने पुसायची नाही, हे मुलांनीच ठरवलं; डस्टर शेजारचीही पुसतो. बोटानेच. कोणी वरून खाली, कोणी खालून वर. एक जण अंगठ्याला थुंकी लावायचा, त्याची रेघ पुसली जाण्याऐवजी करडी होऊन फळ्यावरच राहायची आणि मग ती मोजायची की नाही यावर वाद. सोमवारी तर जत्राच. शनिवार-रविवारच्या राहिलेल्या आणि आजची मिळून तीन रेघा एकदम पुसायच्या असतात, म्हणजे तिघांची पाळी. वजाबाकी हा शब्द मी उच्चारतही नाही, तरी “पाचातल्या तीन गेल्या तर आपल्याला कमी उरतील” अशी काळजी मी सोमवारी ऐकलेली आहे. काळजीच होती ती. नाताळ जवळ येतो याचा आनंद आणि रेघा संपतात याचं दुःख एकाच फळ्यावर.

एकदा एका मुलाने आपल्या पाळीला अर्धीच रेघ पुसली आणि जागेवर जाऊन बसला. मी म्हटलं, अरे, उरलेली? तो म्हणाला, “दुपार अजून व्हायचीय.”

सगळ्याच घरांत हा सण नसतो, हेही इथेच सांगितलं पाहिजे. एका वर्षी एका वडिलांनी फार सभ्यपणे विचारलं, “आमच्याकडे हे नाही. त्या वेळेला तो बाहेर बसू शकेल का?” बाहेर बसलेलं मूल ही कल्पनाच मला सहन होत नाही, पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. गव्हाणीत जन्मलेल्या येशूची गोष्ट ही धर्माची गोष्ट आहे. तिला नुसत्या चांदण्या-घंटांमध्ये गुंडाळून ती कोणाचीच नाही असं भासवणं मला पटत नाही. तेव्हापासून मी सरळ सांगते: ख्रिस्ती लोक ही गोष्ट अशी सांगतात, ती त्यांना फार प्रिय आहे, आपण ऐकू या. त्या वडिलांशी बोलून ठरलं की मुलगा गोष्ट ऐकेल, नाटकात नसेल, आणि रेघांचा हिशोब त्याच्याकडे. दिवस काय, सगळ्यांच्याच घरी उगवतो.

डिसेंबरात शिक्षकाच्या हाती एक वाईट हत्यारही येतं. “गप्प बसा, नाहीतर सांता येणार नाही.” मी ते दोन वर्षं वापरलं आणि लागू पडतं हे कबूल करते, वर्ग क्षणात चिडीचूप होतो. मग एकदा दप्तरं आवरताना एका मुलीने माझी बाही ओढून हळूच विचारलं, “माझ्या ताईला मागच्या वर्षी काहीच नाही आलं. ती वाईट आहे?” त्या घरात त्या वर्षी काम सुटलेलं होतं, ते मला माहीत होतं. मी थातुरमातुर काहीतरी बोलले. ती “बरं” म्हणाली आणि दप्तर पाठीला लावून गेली. ते “बरं” फार दिवस टोचलं. चांगल्या-वाईटाची यादी आमच्या वर्गातून त्या दिवशी हद्दपार झाली.

ज्याच्या नावावर ही यादी आपण खपवतो, तो मूळचा संत निकोलस चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी की एका गरीब बापाला तीन मुली होत्या, त्यांच्या लग्नाला पैसा नव्हता, आणि निकोलसने रात्रीच्या अंधारात त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या गुपचूप टाकल्या. मुली शहाण्यासारख्या वागतात का, अशी आधी चौकशी केल्याचं काही मी वाचलेलं नाही. त्याचा दिवस ६ डिसेंबर, आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी मुलं आदल्या रात्री त्याच्यासाठी बूट मांडून ठेवतात. बूट तर आमच्या दाराशी रोजच मांडलेले असतात! म्हणून आम्ही त्या दिवशी एकमेकांच्या बुटांत गुपचूप काहीतरी ठेवतो. विकत आणलेलं चालत नाही. गुळगुळीत दगड, बाटलीचं निळं झाकण, स्वतः काढलेला सिंह (मला तो बटाटा वाटला होता), कोणाचं तरी पडलेलं बटण. गुप्तता हा प्रकार मात्र या वयात जमत नाही. एक मुलगी आपल्या मैत्रिणीच्या बुटांपाशी पहारा देत उभी होती आणि मैत्रीण आल्याबरोबर म्हणाली, “तुझ्या बुटात मी काही नाही ठेवलंय हं. डाव्या तर अजिबातच नाही.”

कातरकामाचे दोन दिवस असतात. बर्फ आयुष्यात न पाहिलेली मुलंसुद्धा डिसेंबरात कागदाचा बर्फ कापतात, याला काय म्हणावं कळत नाही, पण त्यांना ते आवडतं. चौरस कागदाची अर्धी घडी, परत अर्धी, मग तिरकी. खरा हिमकण षट्कोनी, या घडीतून निघतो तो आठ पाकळ्यांचा. अजून कोणी तक्रार केलेली नाही. बोथट कात्री उघडली की जीभ बाहेर, मिटली की आत. आपण काय कापतोय ते घडी उलगडेपर्यंत कापणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि उलगडण्याआधी प्रत्येक मूल एकदा माझ्याकडे बघतं. एकाने घडीची मिटलेली कडाच सबंध कापून टाकली. उलगडायला गेला तर हातात सुटे तुकडे. त्याने ते क्षणभर निरखले आणि जाहीर केलं, “बाई, वितळला.” चमकीचं काम मी बंद केलंय. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली ती सूक्ष्म प्लास्टिकच्या काळजीने. माझं कारण इतकं थोर नव्हतं. मार्चमध्ये माझ्या भुवईत चमकी सापडली होती.

आणि नाटक. येशूजन्माचं नाटक बसवायला घेतलं की कळतं, मूळ मजकूर किती थोडा आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा नव्हती एवढं म्हटलंय. उतारशाळेचा मालक त्यात नाही. दुसरं शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक सांगितले, पण किती ते सांगितलं नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली गेली. जन्माच्या प्रसंगात गाढव आणि बैल तर दोघांपैकी कोणीच लिहिलेले नाहीत. चित्रांतून ते फार पूर्वी आले, आणि १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गवत भरलेल्या गव्हाणीजवळ खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. आता त्यांना हलवायची कोणाची छाती आहे? मला हे सोयीचंच. उतारशाळेत जागा नव्हती, पण नाटकात चौदा जणांना होते.

शेवटी एक गाणं असतं, अगदी हळू आवाजातलं. ‘सायलेंट नाइट’ या नावाने जगभर माहीत असलेल्या त्या गाण्याला २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियात, फ्रान्झ ग्रुबर नावाच्या एका शाळामास्तराने चाल लावली. शब्द योसेफ मोर या पाद्र्याचे, दोन वर्षं आधी लिहून ठेवलेले. त्याच दिवशी मागणी, त्याच रात्री गिटारवर गायलं. ऐनवेळी काम गळ्यात पडणं आणि ते निभावणं, मास्तरच तो. आम्ही शब्द म्हणत नाही, ओठ मिटून नुसती चाल गुणगुणतो. चौदा मुलं एकदम गुणगुणायला लागली की वर्गात मधमाश्यांचं पोळं असल्यासारखं वाटतं.

एका वर्षी नाटकातलं गाढव एका सडपातळ, अबोल मुलाच्या वाट्याला आलं. संवाद एकही नाही. करड्या पुठ्ठ्याचे दोन कान लावायचे आणि पाठीवर हात ठेवलेल्या मरीयेला, येशूच्या आईला, दारापासून फळ्यापर्यंत आणायचं, एवढंच काम. पहिल्या तालमीनंतर त्याने विचारलं, “गाढवाला काय होतं?” मी विचारलं, तुला काय वाटतं? विचार करून तो म्हणाला, “पाय दुखतात.”

दुसऱ्या दिवसापासून तो तसाच चालायला लागला. दोन पावलं, थांबायचं, एक पाय उचलून झटकायचा, परत दोन पावलं. दार ते फळा हे अंतर बारा पावलांचं. त्याला चार मिनिटं लागायची. मी घाई करायला सांगणार होते, तेवढ्यात एका मेंढपाळाने जागा सोडली, खाली बसला आणि गाढवाचे पाय चेपायला लागला. मग दुसरा. तालमी संपेपर्यंत मरीयेचा नवरा योसेफही त्यात सामील झाला होता. हे मी लिहिलेल्या नाटकात नव्हतं. लूक आणि मत्तयातही नाही.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी गाढवाला कांजिण्या झाल्या.

एकवीस तारखेला, शुक्रवारी, पालकांसमोर नाटक झालं. गाढव दुसऱ्या कोणाला द्यायला मुलं तयार नव्हती. मरीया दारातून निघाली ती उजवा हात हवेत, बरोबर त्या उंचीवर ठेवून. दोन पावलं चालली, थांबली, परत दोन पावलं. मेंढपाळांनी जमिनीवर बसून कोणाचेच नसलेले पाय चेपले. पालकांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. वर्ग बंद झाला. फळ्यावर तीन रेघा उरल्या, दर वर्षी उरतात तशाच: बावीस, तेवीस, चोवीस.

सात जानेवारीला, सोमवारी, वर्ग उघडला. तो आला तोच कान लावून. घरी शिवून ठेवलेले दिसत होते, कारण एका बाजूला लाल दोरा होता. कपाळावर कांजिण्यांचे फिकट डाग. बाकीची मुलं सुट्टीचं सांगण्यात गुंग होती. तो फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि बोट लावून मोजायला लागला. एक, दोन, तीन.

“अजून तीन आहेत,” तो म्हणाला. “म्हणजे नाताळ झालाच नाही.”

झाला, झाला, असा गलका उठला. कोणाला सायकल मिळाली होती, कोणाकडे काका आले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग या का आहेत?”

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. हिशोब ठेवणारा मुलगाही फळ्याजवळ आला, त्याने परत मोजल्या आणि मान हलवली. तीनच. मी तोंड उघडलं आणि भिंतीवरच्या तारखेकडे लक्ष गेलं. रशिया, सर्बिया, इथिओपिया इथली कित्येक चर्चं अजून जुन्या दिनदर्शिकेने चालतात, आणि त्यांचा नाताळ येतो आपल्या ७ जानेवारीला. त्या दिवशी, त्या क्षणी, लाखो घरांत नाताळच होता. हे सगळं मुलांना सांगत बसले नाही. म्हटलं, बरोबर आहे तुझं, खुर्च्या मागे घ्या.

मरीयेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोन पावलं, थांबा, पाय झटका. वेळ मी मोजला नाही. मेंढपाळ खाली बसून पाय चेपायला लागले, योसेफ आपली काठी टाकून धावला, आणि मावशी झाडू हातात धरून दारात उभ्या राहिल्या. गुणगुणून झाल्यावर गाढव फळ्यापाशी गेलं. बोटाने पहिली रेघ पुसली, वरून खाली. दुसरी पुसली. तिसरी अर्धी पुसून हात मागे घेतला.

“ही दुपारी,” तो म्हणाला.